शिरपूर ते शिरपूर : लग्नपत्रिकेत गाव लिहायचं कसं? (आणि तुमच्या गावाचे नावभाऊ कोण?)

तापीकाठ

मंडळी, प्रश्न घरगुती आहे, पण इथे खान्देशातले आणि विदर्भातले बरेच जण असतात म्हणून विचारतो.

आम्ही शिरपूरचे. धुळे जिल्ह्यातलं, मुंबई-आग्रा रस्त्यावर तापी ओलांडली की लागतं ते. चुलतभावाचं लग्न ठरलंय. मुलगी कुठली, तर शिरपूरची. पण ते शिरपूर वाशिम जिल्ह्यातलं, अंतरिक्ष पार्श्वनाथाचं. इथवर गंमतच होती. भानगड पुढे आहे. त्या शिरपूरचा तालुका मालेगाव. वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव. आता आमच्याकडच्या माणसाने 'शिरपूर, ता. मालेगाव' एवढंच वाचलं तर तो काय करेल? धुळ्याहून तासाभरात नाशिकचं मालेगाव गाठेल आणि तिथे शिरपूर विचारत फिरेल.

लग्न मुलीकडे आहे. काकांनी पत्रिकेचा मसुदा पाठवलाय. वराकडे 'रा. शिरपूर', वधूकडे 'रा. शिरपूर, ता. मालेगाव', संपलं. जिल्हा घाला म्हटलं तर म्हणतात, "पत्रिका आहे का कोर्टाची नोटीस?"

तर कसं लिहावं, सुचवा. आणि विषय निघालाच आहे तर तुमच्या गावाचे नावभाऊ कुठे कुठे आहेत, त्यावरून काय घोटाळे झाले, तेही लिहा.

बोदवडची मिरची

गावातल्या गावात सोयरीक! मग मांडव घराशेजारीच टाका, गाडीभाडं वाचेल.

गिरणाथडी

वऱ्हाडात वऱ्हाड चाललंय हा विनोद कुणी करायच्या आत मीच करून मोकळा होतो. आता पुढे चला.

जामोदकर

तापीकाठ, तुमचं दुःख आम्ही रोज जगतो. मी जळगावचा. 'जळगाव' म्हटलं की समोरचा लगेच "वा, केळी! सोनं!" म्हणून सुरू होतो. मग सांगावं लागतं, ते नव्हे, जळगाव जामोद, बुलढाणा जिल्हा, सातपुड्याच्या पायथ्याचं.

पण आमच्या भागात चित्र उलटं. नांदुऱ्याच्या स्टँडवर कंडक्टर "जळगाव, जळगाव" ओरडतो तेव्हा त्याच्या डोक्यात तुमचं जळगाव नसतं. भुसावळकडचा एक फिरता विक्रेता असाच हाक ऐकून बसमध्ये चढला, मस्त झोपला आणि उठला तेव्हा समोर डोंगर. खाली उतरून म्हणतो, "मेहरूण तलाव कुठी राहिला भो?" त्याला चहा पाजून पुढच्या गाडीने परत धाडला.

म्हणजे ज्याचं गाव जवळ त्याला जोडनाव लागत नाही. लांबच्याने लावायचं.

साक्रीवाला

आमच्या साक्रीला रेल्वे नाही हे धुळे जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल. पुण्यातला रूममेट एक दिवस आनंदाने ओरडत आला, "अरे, तुझ्या गावाला जंक्शन आहे! आणि तू पिंपळनेर-दहिवेलच्या खड्ड्यांच्या गोष्टी सांगतोस!" बघतो तर सकरी जंक्शन, जिल्हा मधुबनी, बिहार. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग सारखंच.

तिकीट काढलं नव्हतं हे नशीब. दरभंग्याच्या पुढे उतरून मी अहिराणीत पत्ता विचारला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

गिरणाथडी

@साक्रीवाला, मैथिली आणि अहिराणी दोन्ही गोड. काहीतरी जमलं असतं. 😄

अनेर

रेल्वेवरून आठवलं. नंदुरबार आणि नांदुरा. दोन्हीकडे स्टेशन, दोन्ही 'नांदु'ने सुरू, आणि मध्ये आख्खा जळगाव जिल्हा आडवा. सुरतेहून येणाऱ्या पाहुण्यांना फोनवर "नांदुऱ्याला उतरा" सांगितलं होतं. ते नंदुरबारला उतरले आणि तिथून फोन, "आलो, कुठे आहात?" नाव पूर्ण सारखं नसलं तरी फोनच्या खरखरीत तेवढं पुरतं.

तळोदा आणि तळोजा यांच्यावर तर वेगळा धागा काढता येईल. नवी मुंबईत कारखान्यात नोकरी लागलेल्या आमच्या तळोद्याच्या पोराची घरची मंडळी अजून म्हणतात, "पोरगं तळोद्याहून तळोज्याला गेलं, एक अक्षर पुढे सरकलं."

सातबारा

निवृत्त महसूल कर्मचारी. नावांच्या या गोंधळात हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तरुण मंडळींनी कंटाळा करू नये.

गावांना नावं देणारी माणसं कवी नव्हती. समोर जे दिसलं ते ठेवलं. पिंपळ दिसला, पिंपळगाव, पिंपरी, पिंपळनेर. वड दिसला, वडगाव, वडाळी. बोर, निंब, चिंच, आंबा, सगळ्यांची गावं झाली. झाडं सगळीकडे तीच, म्हणून नावंही तीच. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ पिंपळनेर आहे, पारनेर तालुक्यात संत निळोबारायांचं पिंपळनेर आहे, बीडकडे आणखी एक. यात कोणी कोणाची नक्कल केलेली नाही.

घोळ सुरू झाला तो हिशेबाची वही आली तेव्हा. गावकऱ्याला एकच पिंपरी माहीत होती. सारा गोळा करणाऱ्याच्या वहीत मात्र पाच पिंपऱ्या. मग त्याने शेजारी काहीतरी लिहायला सुरुवात केली. मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. तेवढ्याने भागेना तेव्हा परगणा लावला. जळगाव जिल्ह्यातल्या कित्येक गावांपुढे अजून 'प्र.' दिसतो, तो हा परगणा. नंदुरबारकडे 'त.' म्हणजे तर्फ. शहादा तालुक्यातलं बामखेडा त.त. घ्या. तर्फ तऱ्हाडी. बाहेरच्याला वाटतं टंकलेखकाचं बोट अडकलं. तर्फ गेल्या, परगणे गेले, इंग्रज आले आणि गेले, जिल्हे फुटले, पण ते 'त.त.' सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, कॉलेजच्या पाटीवर टिकून आहे.

लहानपणी गावात राहणाऱ्याला हे शेपूट माहीतही नसतं. पहिला दाखला काढायला तालुक्याला जातो तेव्हा त्याला कळतं की आपलं गाव एकटं नाही.

बामखेड्याची लेक

सातबारा काका, धन्यवाद! मी आयुष्यभर फॉर्मवर 'त.त.' लिहीत आले. मुंबईत एका बँकेतल्या ताईंनी विचारलं, "हे तालुका-तालुका असं दोनदा लिहिलंय का?" मी म्हटलं, हो. तेव्हा मलाही तेच वाटायचं.

नकाशापाठ

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. हा सगळा भावनिक पसारा आहे. जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला स्वतःचा सहा आकडी संकेतांक आहे. तोच सगळीकडे वापरावा. नाहीतर सारख्या नावाच्या गावांची नावं सरळ बदलून टाकावीत. अँब्युलन्स चुकीच्या पिंपरीला गेली तर तर्फ आणि परगण्याचा इतिहास कामाला येत नाही.

सातबारा

@नकाशापाठ, अँब्युलन्सचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण रात्री दोन वाजता घाबरलेला माणूस फोनवर सहा आकडे सांगेल की "धरणगाव रस्त्यावरची पिंपरी, मारुतीच्या पारापाशी" म्हणेल? संकेतांक यंत्राला द्या. माणसाला पार द्या.

बोदवडची मिरची

नाव बदला म्हणणाऱ्यांनी आधी कोणतं गाव बदलणार ते सांगावं. प्रत्येक जण म्हणेल, पलीकडच्यांचं बदला.

ओंटारियोची वहिनी

मूळची अमळनेरची, सध्या कॅनडात. (अमळनेरचाही नावभाऊ आहे बरं, बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे. पण साने गुरुजी आमच्याकडे शिकवायला होते आणि विप्रोची सुरुवात 1945 साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून आमच्याकडेच झाली, त्यामुळे आम्ही शेपूट लावत नाही. 😌)

इथे तर नावांची उधारीच उधारी. लंडन आहे, आणि त्यातून वाहणाऱ्या नदीचं नाव थेम्स! ऑक्सफर्ड स्ट्रीट आणि कोव्हेंट गार्डनचा बाजारही आहे. इंग्लंडमधून आलेल्यांनी घरची आठवण म्हणून ठेवली असावीत म्हणून सोडून देता येतं. पण याच प्रांतात दिल्ली आहे! तंबाखूच्या पट्ट्यातलं छोटं गाव. लोक 'डेल-हाय' म्हणतात. मी एकदा 'दिल्ली' म्हटलं तर दुकानदाराने माझा उच्चार सुधारला. दिल्लीचा उच्चार. माझा.

आणि लखनौसुद्धा आहे. 1857 मध्ये तिथल्या वेढ्याच्या बातम्या इंग्रजी जगात गाजल्या, त्यावरून पडलेलं नाव. आपल्यासाठी जे बंड, ते यांच्यासाठी गावाची पाटी.

सगळ्यात भारी सिडनी. कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशियात सिडनी नावाचं लहान शहर आहे. ऑस्ट्रेलियाला निघालेले लोक चुकून तिथे पोचतात. 2002 मध्ये एक ब्रिटिश जोडपं पोचलं, 2017 मध्ये नेदरलँडचा एक अठरा वर्षांचा मुलगा. अंगात पातळ जाकीट, बाहेर बर्फ. तिकीट स्वस्त कसं मिळालं हे त्याला तेव्हा कळलं. त्याच विमानात हीच चूक केलेली एक अमेरिकन बाईही होती म्हणे.

तापीकाठ भाऊजी, तुमचे पाहुणे फार तर मालेगावला पोचतील. तिथे निदान थंडी तरी नाही.

साक्रीवाला

वहिनी, 'दिल्ली'चा उच्चार सुधारला हे वाचून चहा नाकातून आला.

अनेर

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात मद्रास आहे. मद्रासी कापडाच्या नावावरून पडलं असं सांगतात. इकडच्या मद्रासचं नाव मात्र बदलून चेन्नई झालं, तिकडचं तसंच राहिलं. टेक्सासमध्ये पॅरिस आहे, तिथे आयफेल टॉवरची छोटी प्रतिकृती उभारून वर लाल काउबॉय हॅट चढवलीय. हे मला आवडलं. नाव घेतलं तर आपली टोपीही घाला.

पाटणादेवीचा

मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. काही नावं सारखी होतात कारण ती नावं नसतातच मुळी, हुद्दे असतात. पाटण घ्या. जिथे राजधानी, पेठ, मोठी वस्ती, तिथे पाटण किंवा पट्टण. गुजरातचं पाटण, राणी की वाव वालं. सोमनाथचं पाटण. साताऱ्याचं कोयनेकाठचं पाटण. नेपाळमध्ये काठमांडूला खेटून पाटण. आणि आमच्या चाळीसगावाजवळचं पाटण, जिथे आज जंगल, देवीचं मंदिर आणि माकडं.

या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता. 1207 सालचा शिलालेख आहे. एवढं मोठं गाव होतं आणि आज त्याला पाटणादेवी म्हटल्याशिवाय चाळीसगावच्या रिक्षावाल्यालाही कळत नाही. गाव गेलं, देवी राहिली, मग देवीच गावाचा पत्ता झाली.

संगमावरचा

@पाटणादेवीचा, मस्त. आमचंही ऐका. मुक्ताईनगर पूर्वी एदलाबाद होतं. जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. आणि तेलंगणातलं आदिलाबाद? त्यालाही पूर्वी एदलाबादच म्हणायचे. नावातला आदिल कुठला ना कुठला शहा असणार. आमच्या घरी आजोबांच्या नावाचं एक पत्र असं आलं होतं की त्यावर दोन्हीकडचे शिक्के होते. पाठवणाऱ्याने नुसतं 'एदलाबाद' लिहिलेलं, जिल्हा नाहीच. आजोबांनी पत्र फेकलं, पाकीट जपून ठेवलं.

गंमत अशी की दोघांनीही ते जुनं नाव सोडलं. आता आम्ही मुक्ताईनगर आणि ते आदिलाबाद, घोळ मिटला. नकाशापाठ यांना बरं वाटेल.

नकाशापाठ

वाटलं. 😄 तरी शेजारच्या बऱ्हाणपूरचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. फारुकी सुलतानांनी खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन औलियांच्या नावाने तापीच्या एका काठावर बऱ्हाणपूर वसवलं आणि पलीकडच्या काठावर त्यांच्या शिष्याच्या, झैनुद्दीनांच्या नावाने झैनाबाद. नीट विचार करून नावं ठेवली की शेपूट लागत नाही.

सातबारा

नुसतं झैनाबाद शोधा म्हणजे इराणपासून किती निघतात ते कळेल.

बोदवडची मिरची

काका फॉर्मात आहेत.

तापीकाठ

वा, धागा चांगलाच पळालाय. फारुकींचं नाव निघालं म्हणून सांगतो, त्यांची सुरुवातीची राजधानी थाळनेर, आमच्याच शिरपूर तालुक्यात. म्हणजे मान आमचाच.

शिरपूरचे नावभाऊ मी शोधले. वाशिमचं झालंच. यवतमाळात वणीजवळ एक आहे. तेलंगणात सिरपूर कागजनगर, कागद गिरणीचं, नागपूरहून हैदराबादला जाताना लागतं. तिकडे तर सिरपूर (टी) आणि सिरपूर (यू) असे दोन वेगळे मंडल (आपल्या तालुक्यासारखे) आहेत, टी म्हणजे टाउन. आणि छत्तीसगडमध्ये महानदीच्या काठी सिरपूर, दक्षिण कोसलची राजधानी, सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर. त्याचं जुनं नाव श्रीपूर.

पण मी म्हणेन, आजच्या घडीला नुसतं 'शिरपूर' म्हटलं तर आमचंच. 'शिरपूर पॅटर्न' म्हटल्यावर कोणी विचारतं का, कुठलं शिरपूर? नाले खोल-रुंद केले, सिमेंटचे बंधारे बांधले, विहिरींना पाणी आलं, महाराष्ट्रभरातून लोक बघायला आले. तेव्हा जोडनाव बाकीच्यांनी लावावं.

अंतरिक्ष

वाशिमहून लिहितो. तापीकाठ, सोयरीक जुळवताय आणि लगेच मान मागताय? 😄

आमच्या शिरपूरला जमिनीला न टेकलेली पार्श्वनाथाची मूर्ती आहे, देशभरातून यात्रेकरू येतात. गुजरात-राजस्थानच्या जैन घरांत 'शिरपूर' म्हटलं की आमचंच. तिथे तुमचे बंधारे कुणाला माहीत?

आणि एक नदी तुम्हीही उसनी घेतलीय. तुमच्या शिरपूरला अरुणावती आहे ना? आमच्या वाशिम-यवतमाळकडेही अरुणावती आहे, दिग्रसला तिच्यावर धरण आहे. तुमची तापीला मिळते, आमची पैनगंगेला. गाव सारखं, नदी सारखी. वधूवरांच्या पत्रिका जुळल्या नसत्या तरी गावांच्या जुळल्याच होत्या.

तापीकाठ

अरुणावतीचं खरंच माहीत नव्हतं! हे काकांना सांगतो, खूश होतील.

फैजपूरची पंगत

तापीकाठ भाऊ, 'आम्हाला जोडनाव लागत नाही' म्हणताय, पण तुमच्या नगरपरिषदेचं नाव काय हो? शिरपूर-वरवाडे. अधिकृत शेपूट आहे की!

(आम्ही फैजपूरवाले. 1936 चं काँग्रेस अधिवेशन खेड्यात भरलेलं पहिलं, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात आम्ही बिनशेपटीचे. तरी मुंबईत सांगितलं की लोक म्हणतात, "अच्छा, यूपी?" फैजाबाद ऐकलेलं असतं. त्याचंही नाव आता अयोध्या झालंय, पण लोकांच्या डोक्यातून जात नाही.)

तापीकाठ

पकडलंत. काका वरवाड्यातच राहतात, म्हणून अजूनच गप्प बसतो.

जामोदकर

जळगावचं एक राहून गेलं. 2016 मध्ये 'जळगाव केळी' आणि 'जळगावची भरीताची वांगी' यांना भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा आमच्या इथले एक काका म्हणाले, "जळगावचीच ना? मग आपलीपण लावा चिकटपट्टी." त्यांना समजावता समजावता नाकीनऊ आले.

फैजपूरची पंगत

वांगी ती बामणोदची. आमच्या शेजारचं गाव आहे, सांगून ठेवतो. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, बडगीत (लाकडी उखळीत) कुटायची, तेलात कांद्याची पात. जामोदची चिकटपट्टी चालणार नाही.

जामोदकर

हरकत नाही, वांगी तुमची. पण भाकरी कळण्याची असेल तर मी येतो.

गिरणाथडी

लेवा पंगतीचं भरीत आणि आमच्याकडचं भरीत यात फरक आहे, आमच्याकडे शेंगदाणे...

संपादक मंडळ

धागा गावांच्या नावांचा आहे. भरताचा धागा वेगळा आहे आणि तो आधीच तीन पानांवर गेलाय. कृपया तिकडे.

नवापूर प्लॅटफॉर्म

सगळे एक नाव, अनेक गावं सांगताहेत. आमच्याकडे उलटं आहे. एकच स्टेशन, दोन राज्यं. नवापूरच्या फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. बाकावर मध्येच रेघ, इकडे बसलात तर महाराष्ट्र, तिकडे सरकलात तर गुजरात. गुजरातेत दारूबंदी, महाराष्ट्रात गुटखाबंदी, त्यामुळे बाकावर कुठल्या बाजूला बसून काय करायचं हे ठरवूनच बसावं लागतं.

नावभाऊ म्हणाल तर पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ समुद्रकाठी नवापूर आहे. मुंबईत 'मी नवापूरचा' म्हटलं की "मग मासे घेऊन ये ना" म्हणतात. आमच्याकडे कोंबड्या, हो. समुद्र सुरतेच्याही पुढे.

पोस्टमनचा मुलगा

वडील खात्यात होते, म्हणून एवढं लिहितो. या सगळ्यावरचं उत्तर एका मराठी माणसाने 15 ऑगस्ट 1972 ला देऊन ठेवलंय. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या लिपीतले पत्ते, वाचता न येणारं अक्षर, यावर त्यांनी सहा आकडी पिनकोड आणला. पहिला आकडा विभाग सांगतो. आपला 4, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा कळतो.

धुळ्याचं शिरपूर 425405. वाशिमचं 444 ने सुरू होतं. एका नजरेत खान्देश आणि वऱ्हाड वेगळे. वडील पाकीट हातात घेतल्यावर आधी आकडे बघायचे, गाव नंतर. लोक मात्र पिनकोडची चौकट रिकामी ठेवून खाली 'मारुती मंदिराजवळ' लिहायचे.

तेव्हा तापीकाठ, पत्रिकेत पिनकोड घाला.

बोदवडची मिरची

लग्नाला माणसं बोलवायची आहेत, पार्सल नाही.

पोस्टमनचा मुलगा

आजकाल माणसं पार्सलपेक्षा जास्त चुकतात, ताई. मोबाईलच्या नकाशात नुसतं 'शिरपूर' टाकून बघा. धुळ्यात उभे असाल तर तो तुम्हाला धुळ्याच्याच शिरपूरला नेणार. नवरदेवाच्या घरी! तिथे कुलूप, कारण सगळे लग्नाला गेलेले.

अंतरिक्ष

हे खरंय. आणि आमची उलटी अडचण लक्षात घ्या. मुलीकडचे लोक पत्रिकेत 'वराकडील : शिरपूर' वाचणार आणि म्हणणार, अरे, गावातलीच सोयरीक, आपल्याला कसं कळलं नाही? इथे दोन म्हाताऱ्या मला आत्ताच विचारतील, कोणाचा मुलगा म्हणून.

माझं सुचवणं, तालुका काढूनच टाका. आमच्या गावाला बाहेर 'शिरपूर जैन' म्हणतात, तेच लिहा. 'शिरपूर जैन, जि. वाशिम'. मालेगाव शब्दच नको, म्हणजे नाशिकच्या रस्त्याला कोणी लागणार नाही. मालेगावं तरी किती? नाशिकचं, आमचं, नांदेडकडे खंडोबाच्या यात्रेचं, बारामतीजवळ साखर कारखान्याचं.

सातबारा

अंतरिक्ष यांचं बरोबर. कागदावर तालुका हवा, पत्रिकेवर वाट हवी. खाली एक ओळ घाला : 'अकोला-वाशिम रस्त्याने मालेगाव, तिथून रिसोड रस्ता'. वाट लिहिली की तिच्यातलं मालेगाव आपोआप योग्य ठिकाणी बसतं. आणि वराच्या नावापुढे जिल्हा धुळे. काकांना सांगा, कोर्टाच्या नोटिशीत वाट लिहीत नाहीत.

गिरणाथडी

माझं मत 'शिरपूर (खान्देश)'. जिल्ह्यापेक्षा भारदस्त वाटतं. पूर्वी पत्त्यावर 'पू. खानदेश', 'प. खानदेश' लिहायचेच की.

नकाशापाठ

आणि स्थानाचा क्यूआर कोड. आता तरी माझं एक ऐका.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री काकांबरोबर बसलो. अरुणावतीची गोष्ट सांगितल्यावर माणूस पाघळला. मला म्हणे, "भाऊ, मंग तं जठे जाशी तठे शिरपूर शेच." त्या भरात एवढं मंजूर करून घेतलं :

वर : रा. शिरपूर (खान्देश), जि. धुळे
वधू : रा. शिरपूर जैन, जि. वाशिम
विवाहस्थळ : शिरपूर जैन (अकोला-वाशिम रस्त्याने मालेगाव, तेथून रिसोड रस्ता)

क्यूआर कोड छापायला काकांचा विरोध होता, "गणपतीच्या शेजारी ते ठिपके नको." मागच्या पानावर जागा मिळालीय. पिनकोड मात्र उडाला, माफ करा पोस्टमनचा मुलगा.

बस आमच्याकडून चोपडा-जळगाव मार्गे निघेल, पुढे भुसावळ, मुक्ताईनगर, मलकापूर, नांदुरा, खामगाव, बाळापूर, पातूर.

अनेर

नांदुऱ्याला कोणी नंदुरबार समजून उतरू नये म्हणजे झालं.

संगमावरचा

मुक्ताईनगरला पहाटे चहाला थांबणार असाल तर मेसेज करा. हायवेवर चांगली टपरी आहे, बसभर माणसांचा चहा लगेच होतो.

फैजपूरची पंगत

महत्त्वाचं राहिलं. जेवणात वरण-बट्टी आहे का?

तापीकाठ

लग्न त्यांच्याकडे, मेनू त्यांचा. बट्टी आमच्याकडे पूजेच्या दिवशी. वांगी बामणोदहून आणतोय, संपादकांनी हे वाचलं नाही असं समजावं.